प्राथमिक शाळेतल्या मुलांसोबत प्राचीन रोमवर नाच बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमध्ये सात ते अकरा वर्षांची मुलं इतिहासाच्या तासाला रोमन साम्राज्य आणि त्याचा ब्रिटनवर झालेला परिणाम शिकतात. शारीरिक शिक्षणाच्या तासाला त्यांना नाचही करायचा असतो. 2014 पासून लागू असलेल्या इथल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात या दोन्ही गोष्टी आहेत आणि बऱ्याच शाळा त्यांची सांगड घालतात. मी इंग्लंडमध्येच असे तास घेते. इकडचे मराठी पालक, नव्याने शिक्षक झालेली मराठी मुलंमुली आणि महाराष्ट्रातल्या शिक्षक मैत्रिणी मला पुन्हापुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र देते आहे.

रोमन लोक कोणता नाच करायचे? तोच मुलांना शिकवता येईल का?

नाही. एकाही रोमन नाचाची पावलं लिहून ठेवलेली आपल्यापर्यंत पोचलेली नाहीत. कुणी ‘अस्सल रोमन नृत्य’ शिकवत असेल, तर ते त्यांनी स्वतः बसवलेलं असतं. मुलांनाही हे सरळ सांगावं, त्यांना ते छान समजतं.

नाचाबद्दलची माहिती मात्र भरपूर आहे. मार्स या युद्धदेवतेचे ‘सालिई’ नावाचे बारा पुजारी मार्च महिन्यात रोमच्या रस्त्यांवरून उड्या मारत, गात जायचे. हातात इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या जुन्या घाटाच्या ढाली असायच्या. आख्यायिका अशी की त्यातली एक ढाल रोमच्या नुमा राजाच्या काळात आकाशातून पडली आणि ती चोरीला जाऊ नये म्हणून हुबेहूब तशा आणखी अकरा बनवून घेतल्या. होरेस कवी सालिईंच्या रीतीने जमिनीवर तीनदा पाय आपटण्याचा उल्लेख करतो. त्यांचं गाणं इतकं जुनं होतं की खुद्द पुजाऱ्यांनाही त्याचा अर्थ धड कळत नसे, असं क्विंटिलियन हा रोमन लेखक लिहितो. मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात. तीन ठोके, एक उडी, ढालीवर एक आघात: एवढ्या सामग्रीवर आठ वर्षांच्या मुलांचा गट अर्धा तास मन लावून काम करतो.

दुसरा प्रकार रंगमंचावरचा. इ.स.पू. 22 च्या सुमाराला पिलादिस आणि बाथिलस या दोघांनी रोममध्ये मूकनृत्याचा एक नवा प्रकार लोकप्रिय केला. एकच नर्तक तोंड मिटलेला मुखवटा लावून एकामागून एक सगळी पात्रं उभी करायचा, मागे गायक आणि वादक असायचे. लोक या नर्तकांवर इतके फिदा होते की त्यांच्या चाहत्यांच्या गटांत मारामाऱ्या व्हायच्या. गंमत म्हणजे त्याआधी, इ.स.पू. 63 मध्ये सिसेरो या रोमन वक्त्याने एका खटल्यात भर न्यायालयात म्हटलं होतं, की शुद्धीवरचा माणूस सहसा नाचत नाही, वेडा असला तर गोष्ट वेगळी. म्हणजे ‘रोमन लोकांना नाच आवडायचा का’ याला एक उत्तर नाही. कुणाला, कुठे आणि कुणी केलेला, यावर ते ठरायचं.

मग मुलांना शिकवायचं काय?

रोमन जगातल्या माणसांच्या अंगवळणी कोणती कामं पडली होती, ते. चालणं, दगड रचणं, कणीक मळणं, सूत कातणं, अंघोळ करणं, पत्र लिहिणं. नाचाची पावलं मुलांनी यातून स्वतः शोधायची.

माझा आग्रह एवढाच असतो की माहिती नेमकी द्या. ‘रोमन सैनिकांसारखं चाला’ म्हटलं की वर्गातली सगळी मुलं छाती काढून एकसारखी चालतात. ‘खांद्यावर ओझं आहे, डाव्या हातात ढाल आहे, रस्ता पावसाने निसरडा झालाय, तळ अजून लांब आहे’ म्हटलं की प्रत्येकाचं चालणं वेगळं होतं. कुणाचा खांदा उतरतो, कुणी पाय जपून टाकतं, कुणी मान खाली घालतं. नाचाची सुरुवात तिथे होते.

सूचना देताना मी चार गोष्टी विचारत राहते: शरीराचा कोणता भाग हलतोय, जागेत कुठे जातोय, किती जोराने आणि वेगाने, आणि कुणाच्या संगतीने. ही मांडणी रुडॉल्फ लाबान या नृत्यविचारवंताकडून आली आहे. तो 1938 मध्ये इंग्लंडला आला आणि तिथल्या शाळांमधल्या नृत्यशिक्षणावर त्याचा फार मोठा प्रभाव पडला. हे प्रश्न रोमपुरतेच नाहीत, कुठलाही विषय घ्या, ते कामाला येतात.

पहिल्या तासाला कुठून सुरुवात करावी?

सैन्याच्या चालण्यापासून. ठेका पक्का असतो, लाजाळू मूल गटात मिसळून जातं आणि शिक्षकालाही वर्ग हाताळायला सोपं पडतं.

रोमन सैन्यातला सगळ्यात छोटा गट आठ जणांचा असायचा. त्यांचा तंबू एक, धान्य दळायचं जातं एक, सामान वाहणारं खेचर एक. असे दहा गट मिळून ऐंशी जणांची शतकतुकडी व्हायची. तीस मुलांच्या वर्गात आठाचे तीन गट पाडा. उरलेली सहा मुलं वादक, निशाणधारी आणि तुकडीचा नायक होतात. दर तासाला ती बदला, नाहीतर नायक कायम एकच मूल होतं.

आधी जागच्या जागी ठेका धरा. मग चार-चारच्या दोन रांगा करून पुढे चला. त्यानंतर वळण घ्या, आणि वळणावर घाई करू नका. आतल्या टोकाचं मूल जवळपास जागेवरच पाय उचलतं, बाहेरच्या टोकाच्या मुलाला मोठी ढांग टाकावी लागते, आणि रांग तरीही सरळ राहायला हवी. मुलांना हे फार अवघड जातं. जमलं की त्यांना झालेला आनंद बघण्यासारखा असतो.

सैन्य किती चालायचं, हेही सांगा. वेगेतियस हा लेखक नव्या सैनिकांसाठी उन्हाळी दिवसाच्या पाच तासांत 20 मैलांची चाल सांगतो. रोमन मैल म्हणजे एक हजार दुहेरी पावलं, सुमारे 1480 मीटर. शाळेच्या मैदानावर एक हजार दुहेरी पावलं मोजून पाहिलीत तर पुढच्या तासाला मुलांच्या चालण्यात आपोआप फरक दिसतो. आणि मुक्कामाला पोचल्यावर विश्रांती नसायचीच. खंदक खणायचा, मातीचा बांध घालायचा, खुंट रोवायचे. ताठ कवायतीनंतर हे वाकून, घाम गाळून केलेलं काम आलं की नाचाला चढउतार मिळतो.

कासवासारखी रचना मुलांना फार आवडते. ती धक्काबुक्कीशिवाय कशी करावी?

टेस्टुडो या रचनेत पुढच्या रांगेने ढाली समोर धरायच्या आणि मागच्यांनी डोक्यावर. कॅसियस डिओ हा इतिहासकार लिहितो की ही रचना इतकी पक्की असे की तिच्यावरून माणसंच काय, घोडे आणि गाड्याही जाऊ शकत. मुलांना हे अवश्य सांगा आणि त्याच दमात हेही सांगा, की आपण कुणाच्याही अंगावर चढणार नाही आहोत.

पुठ्ठ्याच्या ढाली नकोत, त्या डोळ्यांत जातात आणि मुलांचं लक्ष खातात. दोन्ही हात कोपरात वाकवून छातीसमोर किंवा डोक्यावर आडवे धरले की ढाल झाली. नियम एकच: गटाचा वेग सगळ्यात सावकाश चालणाऱ्या मुलाचा. बोलायचं नाही, एकमेकांचा श्वास आणि पाय ऐकायचे. मधूनच ‘बाण’ म्हणून डफावर थाप द्या, सगळे एकदम खाली. दोन थापा, सगळे उठून पुन्हा चालू. अशा खेळात दंगा करणारं मूल मी पुढे न ठेवता मध्यभागी ठेवते. तिथे त्याला सगळ्या बाजूंनी इतरांशी जुळवून घ्यावं लागतं.

सैन्य सोडून काय करता येईल?

पुष्कळ. माझा स्वतःचा सगळ्यात आवडता विषय कमान आहे, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

फ्रान्सच्या दक्षिणेला पाँ द्यु गार नावाचा रोमन जलसेतू आहे. कमानींचे तीन मजले, उंची जवळपास 49 मीटर, खालच्या मजल्यांचे प्रचंड दगड चुन्याशिवाय एकमेकांवर बसवलेले. ते उभे राहतात ते एकमेकांवर भार टाकून. हा भार मुलांना अंगाने समजावून देता येतो.

दोघादोघांना समोरासमोर उभं करा. तळव्याला तळवे टेकवून, पाठ सरळ ठेवून दोघांनी थोडं पुढे झुकायचं. ढकलायचं नाही आणि आपला भार राखूनही ठेवायचा नाही. फुगडीत दोघी मागे झुकून एकमेकींना तोलतात, इथे तेच उलट दिशेने होतं. एकाने फसवलं तर दोघं पडतात, हे मुलांना पहिल्या मिनिटात कळतं. जोड्यांच्या उंचीत आणि वजनात फार फरक नको, आणि पाय अनवाणी हवेत. मोज्यांवर हा प्रकार अजिबात करू नका.

मग गट वाढवा. रोमन गवंडी आधी लाकडाचा अर्धगोल साचा उभारायचे, त्यावर दोन्ही बाजूंनी दगड चढवत आणायचे आणि शेवटी माथ्यावर पाचरीसारखा दगड बसवून साचा काढून घ्यायचे. नाचात दोन मुलं साचा होतात आणि हात वर करून खाली उभी राहतात. दोन्ही बाजूंनी तीन-तीन मुलं येऊन त्यांच्या हातांवर हात टेकवत समोरच्याकडे झुकतात. सगळ्यात शेवटी एक मूल येऊन मधल्या जोडीच्या तळव्यांमध्ये आपले तळवे सरकवतं. तो माथ्याचा दगड. आता सगळ्यांनी मनात तीन मोजायचे आणि साच्यातल्या दोघांनी खालून अलगद बाहेर पडायचं. कमान उभी राहते की नाही, हे त्या क्षणी सगळ्यांना एकदमच कळतं, आणि राहिली तर वर्गात जी आरोळी उठते ती थांबवू नका.

पुढची पायरी म्हणजे पाणी. या सेतूवरून नीम शहराला पाणी नेणारा कालवा सुमारे 50 किलोमीटर लांबीचा होता आणि उतार इतका थोडा की पाणी संथ, एकसारखं वाहत राहायचं. एक गट ओळीने कमानींमधून तसा वाहत जातो. धावायचं नाही, थांबायचं नाही, पुढच्याला गाठायचं नाही. मुलांना सगळ्यात कठीण जाते ती ही संथ गती.

फरशीवरच्या मोझेक चित्रांवर नाच होतो का?

होतो आणि झटपट होतो. मोझेक म्हणजे छोटे रंगीत तुकडे जोडून केलेलं चित्र. प्रत्येक मूल एक तुकडा. ससेक्समधल्या फिशबोर्नच्या रोमन प्रासादात डॉल्फिनवर बसलेल्या क्युपिड या प्रेमदेवाचं मोझेक आहे, त्याचं चित्र दाखवा. मग जमिनीलगत, गुडघ्यापर्यंत आणि उभ्याने अशा तीन पातळ्यांवर मुलांना एकेक करून जागा घ्यायला सांगा. शेवटचं मूल बसलं की चित्र पूर्ण. मुलांना स्थिर राहण्याचा सराव यातून चांगला मिळतो.

स्नानगृहाचा विषय वर्गात नको वाटतो. मुलं हसतील ना?

हसतात, आणि हसू द्यावं. कपडे काढण्याचा भाग वगळा, गरम आणि थंड यांवर लक्ष ठेवा. रोमन स्नानगृहात कोमट, गरम आणि गार अशी वेगवेगळी दालनं असायची. गरम दालनाच्या जमिनीखाली भट्टीची ऊब खेळवलेली असे. अंगाला तेल चोळून मग स्ट्रिजिल नावाच्या वाकड्या पट्टीने मळ आणि तेल निपटून काढायचे. बाथ शहरात अशी स्नानगृहं आजही पाहता येतात, इंग्लंडमधल्या बऱ्याच शाळांची सहल तिथे जाते.

गरम दालनात हालचाल सैल, जड, वितळल्यासारखी. गार पाण्यात उडी मारताच आखडलेली, तुटक, झटक्याची. पट्टीने निपटण्याची हालचाल मनगटापासून कोपरापर्यंत, मग खांद्यावरून पाठीकडे, एकाच लांब ओढीत. ‘ओढ’ आणि ‘झटका’ यांतला फरक शिकवायला याहून सोपं उदाहरण मला माहीत नाही.

मुलांना जवळची वाटेल अशी एखाद्या खऱ्या व्यक्तीची गोष्ट आहे का?

उत्तर इंग्लंडमध्ये रोमनांनी बांधलेल्या हेड्रियनच्या भिंतीजवळ व्हिंडोलांडा नावाचं लष्करी ठाणं आहे. तिथे 1973 पासून लाकडाच्या पातळ चकत्यांवर शाईने लिहिलेली पत्रं सापडत आली आहेत. त्यात एका अधिकाऱ्याची पत्नी क्लॉडिया सेव्हेरा हिने आपली मैत्रीण सुल्पिशिया लेपिडिनाला पाठवलेलं वाढदिवसाचं आमंत्रण आहे. इ.स. 100 च्या आसपासचं. वाढदिवस 11 सप्टेंबरचा. मजकूर लेखनिकाने लिहिला आहे, पण शेवटच्या ओळी क्लॉडियाने स्वतःच्या हाताने लिहिल्या आहेत आणि त्यात ती मैत्रिणीला बहीण म्हणते. बाईच्या हातचं इतकं जुनं लॅटिन लेखन जगात फार थोडं आहे.

यावर जोडीने नाच बसतो. एकीची हालचाल म्हणजे पत्र लिहिणं, दुमडणं, देणं. दुसरीची म्हणजे वाट पाहणं, घेणं, उघडणं. मधलं अंतर हे तिसरं पात्र: वारा, चिखल, घोडेस्वार. हॉलच्या दोन टोकांना दोघींना उभं करून ते पत्र कुणीतरी अंगाने नेऊन पोचवतं. मुलगे हा भाग मुलींइतक्याच मनापासून करतात. तिथल्याच दुसऱ्या एका पत्रात कुणीतरी कुणालातरी मोजे, सपाता आणि आतल्या चड्ड्या पाठवल्याचा उल्लेख आहे. त्या थंडीत मोज्यांचं काय मोल असेल, ते दाखवायला मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

ग्लॅडिएटर घ्यावेत का? मुलं तेच मागतात.

घ्यावेत, पण लढाई नको, सराव घ्या. ग्लॅडिएटर, म्हणजे रिंगणात प्रेक्षकांसमोर लढणारे लढवय्ये, लाकडी तलवारींनी, जमिनीत रोवलेल्या खांबावर घाव घालत सराव करायचे. प्रत्येकाची चाल वेगळी: जाळं आणि त्रिशूळ घेतलेला हलका, चपळ, त्याच्या समोरचा गुळगुळीत शिरस्त्राणाचा आणि मोठ्या ढालीचा, जड आणि सरळ रेषेत येणारा. दोघांत किमान तीन हातांचं अंतर कायम, स्पर्श अजिबात नाही, आणि एकाची हालचाल संपल्यावरच दुसऱ्याची. सवाल-जवाबाचा हा बाज मुलांना लगेच जमतो. आणि हे लढवय्ये बहुतांशी गुलाम, कैदी किंवा शिक्षा झालेले लोक होते, हे लपवू नका.

‘मरणारे आम्ही तुला प्रणाम करतो’ ही घोषणा प्रत्येक लढतीआधी व्हायची, असं समजू नका. सुएटोनियस हा रोमन चरित्रकार ती एकाच प्रसंगाबद्दल सांगतो: क्लॉडियस बादशहाने तलावावर लढवलेल्या खोट्या आरमारी लढाईतल्या, शिक्षा झालेल्या लोकांबद्दल.

‘रोमन सलाम’ करवून घेतला तर?

कृपा करून नको. हात सरळ समोर, वर उचलून केलेला तो सलाम रोमन सैनिक करायचे, याला आधार नाही. ती प्रतिमा रूढ झाली ती मुख्यतः दाविद या फ्रेंच चित्रकाराच्या 1784 च्या चित्रातून, पुढे इटलीच्या फॅसिस्टांनी आणि मग नाझींनी ती उचलली. शाळेच्या मंचावर तीस मुलं तसा हात करून उभी आहेत, असा फोटो कुणालाच नको असतो. प्रणाम हवा असेल तर मुठीने छातीवर ठोका द्यायला सांगा, आणि तो आपण ठरवलेला आहे हे मुलांना सांगा.

गुलामगिरीबद्दल इतक्या लहान मुलांशी बोलावं का?

बोलावं. रोमन घर, शेत, खाण, स्नानगृह सगळं गुलामांच्या श्रमावर चालायचं. ते वगळून रोमन जीवन दाखवलं तर अर्धी माणसं नाहीशी होतात. पण वर्गातल्या एका मुलाला गुलाम आणि दुसऱ्याला मालक करू नका. कुणाला कोणती भूमिका मिळाली हे मुलं घरी घेऊन जातात, आणि ज्यांच्या पूर्वजांनी गुलामी सोसली आहे अशी मुलंही इथल्या वर्गांत असतात.

मी रेजिनाची समाधिशिला दाखवते. ती उत्तर इंग्लंडमधल्या साउथ शील्ड्सला सापडली. रेजिना ब्रिटनमधल्या कातुवेल्लौनी जमातीची, आधी गुलाम, पुढे मुक्त झालेली. तिला मुक्त करून तिच्याशी लग्न करणारा बाराटेस सीरियातल्या पाल्मायराचा. ती तिशीत वारली. दगडावर ती खुर्चीत बसली आहे, हातात सूत कातण्याची साधनं, पायाशी लोकरीच्या गुंड्यांची टोपली. वरचा मजकूर लॅटिनमध्ये, आणि खाली पाल्मायराच्या लिपीत एक ओळ: रेजिना, बाराटेसने मुक्त केलेली, हाय! आपल्या भाषेत दुःख व्यक्त केल्याशिवाय त्याला राहवलं नाही. परदेशात वाढणाऱ्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही.

यावरचा नाच सगळा वर्ग मिळून करतो. सूत कातण्याची हालचाल एकीपासून सुरू होऊन धाग्यासारखी सगळ्यांच्या हातांतून फिरते. कुणी मालक नाही, कुणी नोकर नाही.

ब्रिटनच्या लोकांची बाजू कशी आणावी?

रोमन सैन्य इ.स. 43 मध्ये उतरलं. इ.स. 60 किंवा 61 मध्ये आयसेनी जमातीच्या बुडिका राणीने उठाव केला. कोल्चेस्टर, लंडन आणि सेंट ऑल्बन्स जळाली. कोल्चेस्टर आणि लंडनला जमिनीखाली त्या आगीचा थर आजही सापडतो. वर्गाचे दोन भाग करा: एकाची हालचाल सरळ रेषांत, कोनांत, एकदम, दुसऱ्याची वळणदार, जमिनीशी सलग, एकेकाची वेगळी. मग दोन्ही एकाच जागेत आणा. कोण जिंकलं ते दाखवण्याची घाई नको. त्याऐवजी विचारा: रेषेत चालणाऱ्यांच्या सहवासात वळणाऱ्यांचं काय झालं, आणि उलट काय झालं?

पाँपेई आणि ज्वालामुखी?

इटलीतलं पाँपेई शहर राखेखाली गाडणारा इ.स. 79 चा तो उद्रेक मुलांना हवाच असतो. मी आधी एक पूर्ण तास बेकरीला देते: जातं फिरवणं, कणीक मळणं, आठ भागांच्या खुणा केलेला गोल पाव थापणं. तसा जळून कोळसा झालेला पाव तिथे खरोखर सापडला आहे. ती माणसं मुलांच्या ओळखीची झाली, की मग उद्रेकासाठी डफाच्या दोन थापा आणि सगळ्यांनी जागीच थिजणं पुरतं. किंचाळणं, कोसळणं, मरणं यांत बहुतेक वेळा नुसता गोंगाट होतो.

संगीत कोणतं लावावं?

रोमन नाचाचं मूळ संगीत उपलब्ध नाही. वाद्यं मात्र माहीत आहेत: जोडपावे, झांजा, मोठी खंजिरी, शिंग आणि पायाने ठेका देण्याचं खटखट वाजणारं साधन. पाँपेईजवळच्या एका मोझेकमध्ये रस्त्यावरचे वादक झांजा, खंजिरी आणि जोडपावा घेऊन ठुमकताना दिसतात. त्यावर दिओस्कुरिडीस या कलाकाराची सही आहे आणि ते आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. वर्गात डफ, झांजा, लाकडी ठोकळे आणि बासरी असली की झालं. सिनेमातलं धडाडणारं संगीत लावलं की मुलं सिनेमातल्यासारखी वागायला लागतात, म्हणून मी ते टाळते.

कपडे?

साधा टी-शर्ट, कमरेला दोरी. झाला अंगरखा, आणि बहुतेक रोमन लोक रोज तोच घालायचे. टोगा म्हणजे पाच-सहा मीटरचं लोकरी कापड, तेही फक्त नागरिकांसाठी आणि डावा हात त्यात अडकलेला. त्यात नाचता येत नाही. बेडशीट गुंडाळून पाठवू नका, मुलं पाय अडकून पडतात.

आपल्या लेझीमची पावलं घातली तर चालतील का?

लेझीम लेझीम म्हणून शिकवा, रोमन म्हणून नको. मुलांचा गोंधळ होतो आणि दोन्हींवर अन्याय होतो. मात्र लेझीम शिकलेल्या मुलाला रांगेतलं वळण, वाकून उठणं आणि ठेका धरून ठेवणं आधीच येतं. ते त्याच्या अंगात आहे, ते वापरू द्या.

जी मुलं नाचायला तयारच नसतात, त्यांचं काय?

त्यांना वादक करून एका तासापुरतं बाजूला बसवायला हरकत नाही, पण त्यांची कायमची सोय म्हणून तसं करू नका. ‘नाच’ हा शब्द जड वाटत असेल तर कमान बांधायला बोलवा. व्हीलचेअरवरचं मूल माथ्याचा दगड उत्तम होतं, कारण इतरांना त्याच्या उंचीशी जुळवून घेत कमान बांधावी लागते आणि ती वेगळ्याच आकाराची होते. मुलांना तो आकार स्वतः शोधू द्या.

महाराष्ट्राशी याचा काही संबंध लावता येतो का?

लावता येतो आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या माहितीपत्रात सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर यांची नावं येतात. पैठणहून अकीकाचे दगड आणि तेरहून तऱ्हेतऱ्हेची कापडं गाड्यांमधून, वाटाच नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात जायची, असं त्यात लिहिलं आहे. तिथून जहाजं अरबी समुद्र ओलांडून तांबड्या समुद्रात शिरायची. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती मिळाली, ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. आणि इजिप्तमधल्या बेरेनिके बंदरात, एका देवळाच्या आवारात, भारतीय रांजणात साठवलेले साडेसात किलो काळे मिरे सापडले.

या व्यापारमार्गावर चार भागांचा नाच बसवता येतो: बैलगाडी, बंदरातली हमाली, मोसमी वारा, रोममधलं स्वयंपाकघर. जहाजं जुलैच्या सुमाराला इजिप्तहून निघायची, पावसाळ्याच्या वाऱ्यावर येऊन हिवाळ्यात उलट्या वाऱ्याने परतायची. तेव्हा वाऱ्याचा गट एकदा डावीकडून उजवीकडे आणि नंतर उजवीकडून डावीकडे असा दोनदा येतो. पुण्या-कोल्हापुरातल्या शिक्षिकांनी स्नेहसंमेलनासाठी हा विषय घ्यावा, असं मी आवर्जून सांगते.

किती तास लागतात, आणि शेवटी पालकांना काय दाखवायचं?

आठवड्याला एक तास, सहा आठवडे. पहिले चार तास वेगवेगळे विषय करून बघा, मग मुलांना त्यातले दोनच निवडायला सांगा आणि उरलेल्या तासांत तेवढेच पक्के करा. सादरीकरण पाच मिनिटांपेक्षा लांबवू नका. निवेदन मुलांनीच करावं, प्रत्येक भागाआधी एक वाक्य: हे आपल्याला कशावरून कळलं. ‘हे दगडावर कोरलेलं आहे’, ‘हे पत्रात आहे’, ‘हे आम्ही स्वतः ठरवलं’. पालकांसाठी खुर्च्या हॉलच्या तीन बाजूंना मांडा. कमानीसाठी समोरची बाजू अशी नसतेच, आणि मागच्या रांगेतल्या मुलाची आईही त्यामुळे त्याला बघू शकते.